मांजराला सोया, बदाम, नारळाचं दूध देताय? आधी या चुका टाळा

गेल्या चतुर्थीला गोव्यात फोंड्याच्या घरी मणगण्यासाठी, म्हणजे हरभरा डाळीच्या खिरीसाठी, नारळाचा रस काढून ठेवलेला, आणि आमच्या मनीने पातेल्यावरचा दाट रस कधी चाटला कळलंच नाही. रात्री तिला जुलाब, शेपटी भरलेली, पलंगाखालून बाहेर येईना. जीव नुसता कासावीस झाला. नारळाच्या रसात फॅट भरपूर असतं, ते मांजराच्या पोटाला झेपत नाही.

गाईचं दूध बाधतं ना, मग प्लांट मिल्क द्या, असं खूप जण सांगतात. बऱ्याच मोठ्या मांजरांना लॅक्टोज पचत नाही हे खरं आणि सोया, बदाम, ओट्सच्या दुधात ते नसतं हेपण खरं. हे दूध विष नाहीये, बिनसाखरेचं चमचाभर चाटलं तर सहसा काही होत नाही. पण मांजर पक्कं मांसाहारी, त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांस-मासळीतून मिळतं, या दुधातून नाही. रोज वाटीभर दुधाने पोट भरलं तर ते बांगड्याला तोंड कशाला लावेल? टॉरिन कमी पडत राहिलं की हृदय कमजोर होतं, नजर जाते. गोड फ्लेवरचं आणून तर उपयोगच नाही, मांजराला गोड चव कळतच नाही, आणि चॉकलेटवालं विषारी.

सगळ्यात मोठी चूक पिल्लांच्या बाबतीत होते. पावसात भिजलेलं पिल्लू सापडलं की लोक ड्रॉपरने सोया मिल्क पाजतात, कृपा करून असं करू नका, त्यावर पिल्लू जगत नाही. आधी फडक्यात गुंडाळून ऊब द्या, गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. मग मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर कोमट पाण्यात कालवून, पिल्लाला पोटावर ठेवून पाजा. उताणं धरलंत तर दूध फुफ्फुसात जातं.

मांजर आधीच पिऊन बसलं असेल तर दूध बंद करा, साधं पाणी ठेवा, नेहमीचं खाणं थोडं थोडं द्या. उलट्या थांबत नसतील, जुलाबात रक्त दिसलं, किंवा 24 तास काहीच खाल्लं नाही तर सरळ व्हेटकडे. चॉकलेटवालं प्यायलं असेल तर थांबूच नका, पाकीट सोबत घेऊन जा.

काहीतरी पातळ द्यायचंच असेल तर मासळी उकडलेलं पाणी द्या, मीठमसाला न घालता. हुमण, म्हणजे माशाची आमटी, नको हां, त्यात कांदा असतो आणि तो मांजराला विषारी. मनीला मी बांगड्याचं पाणी गार करून दोन चमचे देते, वाटी लख्ख होईपर्यंत चाटते.