सांबार, कोथिंबीर आणि 'तुम्ही कुठल्या?'

पुण्यात शिकायला आले त्या पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्या मावशींकडे मी दहा रुपयांचा सांबार मागितला, तेव्हा त्यांनी "तो हॉटेलात मिळेल, तुम्ही मद्रासकडच्या का?" असे विचारले. आमच्या अमरावतीकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी जुडीकडे बोट दाखवले, त्यांनी ती पिशवीत टाकली आणि तिथून आमची ओळख जमली.

वर्गातला अनुभव अधिक बोचरा होता. "मी टिपण लिहून राहिली" या एका वाक्यावरून मला हिंदी भाषक ठरवून एका प्राध्यापकांनी, मराठी छान शिकलात, अशी शाबासकी दिली. मी गप्प बसले आणि पुढे दोन महिने वर्गात तोंड उघडले नाही. विदर्भातून नव्याने येणाऱ्यांनी ही चूक करू नये. "माझी मातृभाषा मराठीच आहे, आमच्याकडे असे बोलतात," हे तिथल्या तिथे, शांतपणे सांगावे. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते, त्यामुळे कचेरीत आणि बाजारात या भाषा शेजारी नांदल्या आणि त्याची खूण आमच्या क्रियापदांवर राहिली. पण मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे 'लीळाचरित्र' अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे आहे, हेही तितकेच खरे आहे. उत्तरपत्रिकेत आणि प्रकल्प अहवालात प्रमाण मराठी लिहावी, त्यासाठी मेहनत घ्यावी, घरी फोनवर मात्र आईला "काय करून रायली?" असेच विचारावे.

आडनावापाठोपाठ 'मूळ गाव कोणते' हा प्रश्न येतो, तेव्हा पुष्कळदा जात चाचपली जात असते. गावाचे नाव सांगून तिथेच थांबावे, असे माझे मत आहे.

हे सारे सोसलेल्या माझ्याकडूनही तेच घडले. खोलीत राहायला आलेल्या मुलीचे तेलुगू आडनाव ऐकून मी, "तुम्ही आंध्रातून कधी आलात?" असे विचारले. ती सोलापूरची होती. तिचे पणजोबा हातमागावर काम करायला तिकडे आले होते आणि तिचे सगळे शिक्षण मराठीतून झाले होते. त्याच रात्री मी तिची माफी मागितली. बोलता बोलता कोथिंबिरीचा विषय निघाला, तेव्हा कळले की तिच्या घरी कोथिंबिरीला 'कोत्तिमीर' म्हणतात. पुण्याच्या शब्दाला माझ्या सांबारापेक्षा तिचाच शब्द जवळचा होता.