आलेखाने एकसामयिक समीकरणे सोडवताना या चुका टाळा

एकसामयिक समीकरणे म्हणजे क्ष आणि य च्या त्याच किमतींनी एकदम खरी ठरणारी दोन समीकरणं. आलेखावर दोघांच्या रेषा काढायच्या; त्या जिथे छेदतात तो छेदनबिंदू म्हणजेच उकल. उत्तर जुळलं नाही की बहुतेक जण पट्टी-पेन्सिलीवर खापर फोडतात. घोळ मात्र बहुधा त्याआधीच, क्ष ला किंमत देऊन य काढतो त्या किमतींच्या कोष्टकात झालेला असतो.

क्ष − २य = ४ हे समीकरण घ्या. क्ष = ० ठेवलं की −२य = ४, म्हणजे य = −२. घाईत ते उणे चिन्ह गळतं आणि (०, २) लिहिलं जातं. दुसरा बिंदू (४, ०) बरोबर आहे. दोन्ही जोडले की झकास सरळ रेषा येते आणि कसलीच शंका येत नाही. येणार कशी? कोणत्याही दोन बिंदूंतून सरळ रेषा जातेच, मग बिंदू चुकीचा का असेना. म्हणून तिसरा बिंदू काढाच. क्ष = २ घेतल्यावर य = −१ येतं आणि (२, −१) त्या रेषेवर बसत नाही. अशा वेळी ‘जवळपास आलंय’ म्हणून मधून रेषा ओढू नका, कोष्टक पुन्हा तपासा.

बिंदू फार जवळजवळही घेऊ नका. दोन बिंदूंत १ सेमी अंतर असेल आणि त्यातला एक अर्धा मिमी सरकला, तर त्याच रेषेवर ८ सेमी पुढे जाईपर्यंत फरक ४ मिमी होतो. शक्यतो क्ष आणि य दोन्ही पूर्णांक येतील अशा किमती निवडा.

प्रमाणाबद्दल, म्हणजे अक्षावर १ सेमीला किती एकके धरायची याबद्दल, उगाच भीती असते. दोन्ही अक्षांवर वेगवेगळं प्रमाण चालतं, छेदनबिंदूचे निर्देशक त्याने बदलत नाहीत. पण एकाच अक्षावर मध्येच प्रमाण बदललं, तर सगळंच मुसळ केरात. आणि (३, −२) ऐवजी (−२, ३) मांडणं ही चूक इतकी जुनी आहे की तिच्याबद्दल वेगळं काय सांगायचं!

रेषा कागदावर भेटल्या नाहीत म्हणून त्या समांतर ठरत नाहीत. क्ष − २य = −२ आणि २क्ष − ३य = २ या रेषा आरंभबिंदूजवळ जवळजवळ समांतर दिसतात, पण (१०, ६) मध्ये छेदतात. ‘उकल नाही’ लिहिण्याआधी सहगुणकांची (क्ष आणि य च्या आधीच्या संख्यांची) गुणोत्तरं पाहा: इथे क्ष चं १/२ आणि य चं २/३ समान नाहीत, म्हणजे रेषा कुठेतरी भेटणारच. तेव्हा रेषा वाढवा किंवा प्रमाण बदला. उलट दुसरी रेषा पहिलीवरच पडली, तर खोडरबर उचलू नका. कोष्टक बरोबर असेल, तर अनंत उकली हेच उत्तर आहे.

अपूर्णांकी उत्तरं जास्त छळतात. क्ष + २य = ५ आणि ३क्ष − य = २ यांचा छेदनबिंदू आलेखावर साधारण (१.३, १.९) असा वाचता येतो. पडताळ्यात पहिल्या समीकरणाची डावी बाजू ५.१ येते, दुसऱ्याची बरोबर २. मग काही जण रेषाच थोडी सरकवतात! तसं करू नका. खरी उकल (९/७, १३/७) आहे आणि मिलिमीटरच्या चौकटीत सातवा भाग नेमका वाचता येत नाही. इतका किरकोळ फरक वाचनाचा असतो. ५ च्या जागी ८ आले, तर मात्र चूक कोष्टकात शोधा. आणि पडताळा दोन्ही समीकरणांत घ्या, कारण एकाच रेषेवरचा कुठलाही बिंदू त्या एका समीकरणात चपखल बसतोच.