मातीत पळणाऱ्या आरएक्स १००चा कार्ब्युरेटर: दोष शोधावा कसा?

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली, तीही डांबरी रस्त्यासाठी. तरीही हलके वजन, ९८ सीसीचे साधे एअर-कूल्ड इंजिन आणि मोजक्या पान्यांत उघडता येणारी रचना यांमुळे, खाचेदार टायर आणि रुंद हँडल बसवून ती माळरानावर किंवा मातीच्या ट्रॅकवर पळवणारे आजही बरेच आहेत. अशा गाडीवर मूळचा मिकुनी पद्धतीचा व्हीएम २० कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आहे असे येथे गृहीत धरले आहे. त्याच रचनेचा मोठा कार्ब्युरेटर बसवला असेल, तर जेटचे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या, बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यांचे) आकडे बदलतात, शोधाची पद्धत बदलत नाही.

कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात, कारण कार्ब्युरेटरचा म्हणून सांगितला जाणारा निम्मा दोष त्याच्या बाहेरच असतो. नवा प्लग लावून पाहावा. पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरपासून सोडवून, कॉक उघडून, धार सलग येते की थेंब थेंब गळते ते भांड्यात पाहावे; धार बारीक असेल, तर कॉकची जाळी टाकीतल्या गंजाने भरलेली असते. गाडी दहा मिनिटे उत्तम चालून बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण उघडताच ‘सुस्स’ असा आवाज होऊन ती पुन्हा सुरू होत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र चिखलाने बुजले आहे. एअर फिल्टरचा फोम तर मातीतल्या गाडीला दर फेरीनंतर पाहावाच लागतो, कारण धुळीने कोंडलेला फोम हवा अडवतो आणि मिश्रण गडद होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते.

एवढे करूनही दोष राहिला, तर तो नेमका किती थ्रॉटलला, म्हणजे रेसची मूठ किती फिरवल्यावर, जाणवतो हे आधी ठरवावे. हँडलच्या स्थिर भागावर आणि ग्रिपच्या कडेवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा पेनाने कराव्यात. काम पोरखेळासारखे वाटते, पण जेटवर जेट बदलत बसण्यापेक्षा ही दोन रुपयांची पट्टी अधिक सांगून जाते. थ्रॉटल बंद असल्यापासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट (स्लोसाठीचे बारीक जेट) आणि एअर स्क्रू (त्याची हवा कमी-जास्त करणारा स्क्रू) यांचा अंमल असतो. तेथून पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडच्या, म्हणजे थ्रॉटलबरोबर वरखाली होणाऱ्या झडपेच्या, तिरक्या कापाचा. पाव ते पाऊण या पट्ट्यात स्लाइडला लावलेल्या सुईचा आणि ती ज्यात वरखाली होते त्या नीडल जेटचा. आणि पाऊणच्या पुढे मेन जेटचा. म्हणजे स्लोवर बंद पडणारी गाडी पूर्ण रेसला व्यवस्थित ओढत असेल, तर मेन जेट बदलणे व्यर्थ आहे, आणि अर्ध्या थ्रॉटलला अडखळणाऱ्या गाडीचा एअर स्क्रू फिरवून काही हाती लागत नाही.

त्यानंतर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) आहे की गडद, हे ठरवावे. गडद मिश्रणावर इंजिन फाटक्या आवाजात गुरगुरते, धूर दाट येतो, प्लग काळा आणि ओलसर होतो आणि तापल्यावर गाडी आणखी बिघडते. पातळ मिश्रणावर थ्रॉटल एकदम उघडला की क्षणभर दम तुटतो, थ्रॉटल सोडला तरी रेस लवकर खाली येत नाही आणि प्लगचे टोक पांढरट पडते. शंका राहिल्यास दोष जाणवतो त्याच थ्रॉटलवर चोक किंचित ओढून पाहावा: गाडी सुधारली तर मिश्रण पातळ, अधिक बिघडली तर गडद. गडद मिश्रण फक्त पेट्रोल खाते. पातळ मिश्रण पिस्टन खाते. म्हणून पातळपणाची लक्षणे दिसत असताना ‘आजची फेरी होऊ द्या, उद्या बघू’ असे म्हणून गाडी जोरात पळवू नये.

पातळपणाचे कारण पुष्कळदा कार्ब्युरेटरमध्ये नसून त्याच्या आणि सिलिंडरच्या मधल्या रबरी जॉइंटमध्ये असते. माझ्याच गाडीचा कार्ब्युरेटर मी दोन रविवार उघडून धुतला, फुंकला, पुन्हा बसवला. तिसऱ्या रविवारी तो जॉइंट बोटांनी वाकवला तेव्हा आतल्या बाजूस केसाएवढी चीर उघडली, जी सरळ असताना मुळीच दिसत नव्हती. इंजिन स्लोवर चालू ठेवून जॉइंटभोवती साबणाचे पाणी बारीक फवारले आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर तेथून हवा ओढली जात आहे असे समजावे. यासाठी ज्वलनशील फवारा वापरण्याची अनेकांना सवय आहे. तापलेल्या सायलेन्सरशेजारी ती धोक्याची आहे. जॉइंट चांगला निघाल्यास क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन्ही टोकांच्या तेलसीलांकडे वळावे. मॅग्नेटो (ठिणगीची वीज तयार करणारा भाग) बाजूचे सील गेले की बाहेरची हवा आत येऊन मिश्रण पातळ होते. क्लच बाजूचे गेले की गिअर ऑइल आत ओढले जाते, धूर वाढतो आणि गिअरबॉक्समधील तेल कमी होत जाते.

आता कार्ब्युरेटर उघडायचा. बाहेरची माती आधी धुवावी, नाहीतर तीच आत जाते. पेट्रोल कॉक बंद करून, उघड्या जागेत, आसपास ठिणगी किंवा विडी-सिगारेट नसताना काम करावे. पायलट जेटचे छिद्र इतके बारीक असते की सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर ते सहज बुजवतो. जेट उजेडाकडे धरून पाहिल्यावर गोल, स्वच्छ प्रकाशबिंदू दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला, तर ते साफ झालेले नाही. त्यात तार किंवा पिन घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र कणभर मोठे झाले तरी मापाचा आकडा खोटा ठरतो. क्लीनरमध्ये भिजवून हवा मारावी, आणि जेट ज्या मार्गांत बसतात त्या मार्गांतही मारावी. निव्वळ जेट धुऊन काम संपत नाही. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा.

कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत असेल, तर फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) सुई पाहावी; पेट्रोल आत येणे तीच अडवते. तिच्या निमुळत्या टोकावर गोल खाच पडली असेल, तर ती बदलावी. फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल खळखळते का, तेही ऐकावे. जुने रबरी भाग आजच्या २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. ते फुगलेले किंवा कडक झालेले आढळल्यास पुन्हा वापरू नयेत.

जोडताना स्लाइडचा तिरका काप एअर फिल्टरकडे असावा आणि तिची खाच आतल्या पिनेवर बसावी. किक मारण्यापूर्वी थ्रॉटल पूर्ण उघडून सोडावा. स्लाइड ‘टक्’ असा आवाज करून खाली आली पाहिजे. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड फेरी बाहेर काढावा आणि इंजिन तापल्यावर, स्लो सर्वांत चढा व स्थिर होईल तेथे ठेवावा. तो आत फिरवला की मिश्रण गडद होते, बाहेर काढला की पातळ. स्लाइडच्या सुईची क्लिप वरच्या खाचेत नेली, तर सुई खाली उतरते आणि मिश्रण पातळ होते. येथे अनेकांची उलटी समजूत असते. एका वेळी एकच बदल करावा.

ज्यांनी या टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पुरवणारा ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळायला सुरुवात केली आहे, त्यांनी ३० : १ प्रमाणासाठी लिटरमागे सुमारे ३३ मि.लि. तेल मोजून घालावे. सुरक्षिततेसाठी म्हणून तेल अंदाजाने वाढवले, तर त्याच जेटमधून पेट्रोल तेवढे कमी जाते, म्हणजे हवेच्या मानाने मिश्रण पातळच होते.

ओढा ओलांडल्यानंतर गाडी मिसिंग करू लागली, तर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावे. त्यात पाणी असेल, तर बहुधा ते तळाशी वेगळे, मण्यासारखे थरथरताना दिसते. वाटी रिकामी करून नवे पेट्रोल उतरू द्यावे आणि पुन्हा एकदा बाटलीत पाहावे. दुसऱ्यांदाही मणी दिसला, तर पाणी टाकीत आहे, आणि मग टाकी उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही.