कॉम्प्युटर ‘स्लो’ झालाय? नवा घेण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बोलावलं. “अरे, हा चालू करते, चहा टाकते, चहा पिऊन होतो, तरी याचं आपलं गोल गोल फिरणं चालूच.” दुकानदार येऊन बघून गेला होता. मशीन जुनं झालंय, यात काही दम नाही, नवा सेट 38 हजारांत देतो, असं सांगून गेला. काकूंचं काम काय? वीजबिल भरायचं, सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवायचा आणि रविवारी नातीशी व्हिडिओ कॉल.

मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनमध्ये काय चाललंय ते दाखवणारी खिडकी, उघडला. सीपीयू (प्रोसेसर) 11 टक्के, मेमरी 60 टक्क्यांच्या आसपास. डिस्क 100 टक्के, आणि पाच मिनिटं झाली तरी आकडा हलायला तयार नाही. आत जुनी फिरती हार्ड डिस्क होती. ती काढून 240 जीबीची साधी साटा एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली, तेव्हा ती 1,800 रुपयांना मिळाली होती. विंडोज नव्याने टाकलं. आता काकूंचा कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उघडतो आणि चहा त्यांना नंतर करावा लागतो.

निदान न करता खरेदी

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. ‘हँग होतो’ ही तक्रार झाली, तो आजार नव्हे. फिरती डिस्क एक मोठी फाईल सलग वाचताना सेकंदाला 100-150 एमबी देते, म्हणजे तशी बरी चालते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाईली लागतात आणि प्रत्येकीसाठी डिस्कमधल्या सुईला जागा बदलावी लागते. तिथे हाच वेग एक-दोन एमबीवर येतो. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या मशीनलाही तिने जीव येतो.

तेव्हा आधी टास्क मॅनेजर उघडा, रोजचं काम सुरू करा आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा. डिस्क 100 वर अडकली तर एसएसडी. मेमरी 85-90 च्या वर राहत असेल तर रॅम. सीपीयू सतत 100 वर असेल तर कुठला प्रोग्राम खातोय ते खालच्या यादीत दिसतंच. बऱ्याचदा तो एखादा फुकट उतरवलेला ‘पीसी क्लीनर’ निघतो. तो काढून टाकायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक आकडा बघा, सीपीयूच्या पानावरचा गिगाहर्ट्झचा. काम चालू असतानाही तो अर्ध्या गिगाहर्ट्झच्या आसपास घुटमळत असेल, तर प्रोसेसर म्हातारा झालेला नाही, तो तापलाय. पंख्यात धूळ साठलीय, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, वाळून खडखडीत झालीय. लॅपटॉपला कमी वॉटचा किंवा लोकल ॲडॉप्टर लावला तरी काही मॉडेल वेग असाच आवळून धरतात.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

आता उलटी चूक, आणि ती माझ्यासारखे हौशी लोकच करतात. जुन्या मशीनमध्ये एसएसडी घातली, बरं वाटलं. मग रॅम वाढवली. मग सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणलं. ते जुन्या एसएमपीएसला (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला) झेपेना म्हणून तोही बदलला. बेरीज केली तर 15 हजार, आणि हातात काय? तोच जुना मदरबोर्ड.

याला एक सीमारेषा आहे. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर किंवा एएमडीचा रायझन 2000 मालिकेपासूनचा लागतो, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये हवी. काकूंचा आय3 चौथ्या पिढीचा, म्हणजे रेषेच्या अलीकडे. म्हणून त्या मशीनवर एसएसडीपलीकडे एक रुपयाही घालायचा नाही, असं मी त्यांना तेव्हाच सांगितलं. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना जादा सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत दिली आहेत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती फुकट मिळतात. त्यानंतर काकूंना विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स मिंट टाकून देणार आहे. ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि लिबरऑफिसमध्ये हिशेब, त्यांना तेवढंच लागतं.

मशीन रेषेच्या पलीकडचं असेल तर मात्र एसएसडी घालणं आणि रॅम 8 जीबीची 16 करणं, एवढ्यात घरकामाला ते आणखी काही वर्षं निघतं.

‘आय5 आहे साहेब!’

पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, जुन्या सेटच्या दुकानात हे वाक्य ऐकू येतंच. आय5 म्हणजे चांगला, एवढंच आपल्याला ठाऊक असतं आणि दुकानदाराला तेही ठाऊक असतं. खरी गोष्ट पुढच्या आकड्यात असते. आय5-2400 हा 2011 सालचा, दुसऱ्या पिढीचा. आय5-8400 हा 2017 सालचा, आठव्या पिढीचा, सहा कोअरचा. 2022 मध्ये आलेला ‘नुसता’ आय3-12100 तर त्या 2011 च्या आय5 ला कुठल्या कुठे मागे टाकतो. शेवटचे तीन आकडे झाकले की डावीकडे उरते ती पिढी. डेस्कटॉपच्या जुन्या नावांत ही युक्ती चुकत नाही. लॅपटॉपच्या दहाव्या पिढीपासूनच्या काही नावांत (उदाहरणार्थ आय5-1135जी7) शेवटी आकडा-अक्षरांची सरमिसळ असते. तिथे सुरुवातीचे 10, 11, 12 हेच बघायचे.

कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर, प्रोडेस्क हे सेट मला स्वतःला नव्या स्वस्त मशीनपेक्षा जास्त आवडतात. बांधणी दणकट, आवाज कमी. फक्त घेताना दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, यातल्या पुष्कळ मॉडेलांचा एसएमपीएस आणि त्याची पिन कंपनीची स्वतःची असते. तो उडाला तर गल्लीतला कुठलाही आणून बसवता येत नाही. दोन, चपट्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड मावत नाही. मुलगा पुढे गेम खेळायचं म्हणणार असेल तर उंच कॅबिनेटच घ्या.

दुकानातच मशीन चालू करायला लावा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम पेन ड्राइव्हवर नेलात तर डिस्क किती तास चालली आहे आणि तिची तब्येत कशी आहे, ते दोन मिनिटांत कळतं. तिथे पिवळं ‘कॉशन’ दिसलं की एक तर भाव पाडा, नाहीतर उठा. विंडोज ॲक्टिव्हेट आहे का तेही सेटिंग्जमध्ये बघा. क्रॅक मारलेलं विंडोज म्हणजे ज्या मशीनवरून तुम्ही बँकेत लॉगिन करणार, त्याची किल्ली कुणा अनोळखी माणसाने बनवलेली.

मापाचा न बघता आणलेला सुटा भाग

ही माझी स्वतःची फजिती. लॅपटॉपला रॅम वाढवायची म्हणून मी मोठ्या उत्साहाने 8 जीबीची डीडीआर4 पट्टी आणली, मागचे अकरा स्क्रू काढले, झाकण उचकटलं, आणि आत स्लॉटच नाही! रॅम बोर्डावर सोल्डर केलेली. पट्टीचं पाकीट फोडलेलं, त्यामुळे दुकान परत घेईना. ती अजून कपाटात आहे.

हे झाकण न उघडताही कळलं असतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे किती स्लॉट आहेत, किती भरलेत, वेग किती, सगळं लिहिलेलं असतं. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम बोर्डावरच आहे, पट्टी आणू नका. ‘सोडिम’ दिसलं तर लॅपटॉपची आखूड पट्टी, ‘डिम’ म्हणजे डेस्कटॉपची लांब. डीडीआर3, 4 आणि 5 यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकीची पट्टी दुसरीत जात नाही. जोर लावलात तर स्लॉट तुटेल.

एम.2, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीचा गोंधळ याहून फसवा, कारण तिचे दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखेच. एक जुन्या जोडणीची साटा, दुसरी जास्त वेगवान एनव्हीएमई. बोर्डावरचा स्लॉट यातली कुठली घेतो ते मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघायचं. काही बोर्डांवर एम.2 भरली की एक साटा पोर्ट बंद पडतो आणि मग ‘नवीन एसएसडीने माझी जुनी डिस्क खाल्ली’ अशी बोंब होते. केबल शेजारच्या पोर्टात लावली की डिस्क जिथल्या तिथे.

रॅमच्या भावाबद्दल एक सांगून ठेवतो. 2025 च्या शेवटच्या महिन्यांपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची एवढी मागणी केली की रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. तेव्हा ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून 32 जीबी भरायचे हे दिवस नव्हेत. एक्सेल आणि यूट्यूबला 8 चालते, 16 आरामात.

नवं बसवलं, पण फरकच नाही

असे फोन मला बरेच येतात. समोरच्याने एसएसडी बसवून घेतली, तरी सुरू व्हायला पूर्वीइतकाच वेळ. बघतो तर विंडोज अजून जुन्या हार्ड डिस्कवरूनच उघडतंय आणि एसएसडी ‘डी ड्राइव्ह’ होऊन फोटो सांभाळत बसलीय. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन बूटचा (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्याचा) क्रम बदलायला हवा, किंवा विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवायला हवी. मी कायम काढून ठेवतो.

ग्राफिक्स कार्ड घातलं आणि गेम तसाच अडखळतोय? मॉनिटरची केबल मागे कुठे लावलीय ते बघा. ती वरच्या बाजूला, बोर्डाच्या पोर्टात असेल तर कार्ड नुसतं शोभेला बसलंय.

आणि पावसाळ्यातला आपला नेहमीचा पाहुणा, कॅबिनेट चालू, पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. कोकणात जुलैमध्ये हे हमखास. लगेच ‘मदरबोर्ड गेला’ ऐकून घेऊ नका. स्विच बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. रॅमच्या दोन्ही कडांची कुलपं उघडून पट्टी सरळ वर काढा. खालची सोनेरी दातांची ओळ काळपटलेली दिसेल. मुलांच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर त्यावर हलक्या हाताने फिरवा, दोन्ही बाजूंनी. भुगा कोरड्या फडक्याने झटका, तो स्लॉटमध्ये पडता कामा नये. पट्टी परत बसवताना दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या. ‘खट्’ असा आवाज आला की बसली. दहातल्या निम्म्या वेळा तरी एवढ्याने स्क्रीन येते.

रोज तारीख मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो? बोर्डावरचा सीआर2032 सेल संपलाय. नाण्याएवढा असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

चुकीच्या जागी केलेली काटकसर

एसएमपीएस कधीच सगळ्यात स्वस्तातला घेऊ नये. ‘450 वॉट’ असं स्टिकर लावलेला हलका डबा जाताना बोर्डालाही घेऊन जातो. अर्थिंग नसलेल्या जागी तीन पिनांचा प्लग दोन पिनांत कोंबणं हाही त्यातलाच प्रकार. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

यूपीएस मात्र उगाच बदलला जातो. लाइट गेली की धाडकन बंद, म्हणजे बहुतेक वेळा आतली बॅटरी संपलेली असते. घरगुती यूपीएसमध्ये सहसा 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी असते, तेवढी बदलली की झालं. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो.

‘बिल नको असेल तर 18 टक्के वाचतील’ या ऑफरला मी पूर्वी भुललोय. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मिळेलच याचा भरवसा नसतो. बिलावर सीरियल नंबरही लिहून घ्या. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही बँक व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी लावते, शिवाय रोखीवर मिळणारी सूट जाते. दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा. 1,500 रुपयांत 2 टीबी एसएसडी दिसली तर ती खोटी आहे, यावर चर्चा नको. पैसे देऊन अँटीव्हायरस घेण्याची घरी गरज नाही, विंडोजचा स्वतःचा पुरतो.

काकूंची काढलेली हार्ड डिस्क मी 400 रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये घालून त्यांनाच परत दिली. नातीचे लहानपणापासूनचे फोटो, व्याकरणाच्या चुकांसकट सगळी सोसायटीची पत्रं आणि पासबुकांची स्कॅन त्यात होती. दुकानदार जुन्या सेटचे ‘एक्सचेंज’चे 1,000 रुपये देणार होता, या डिस्कसकट.