जे-१ इंटर्नशिप: अर्ज करताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या कंपनीचं ऑफर लेटर आलं की बहुतेक जण लगेच व्हिसा मुलाखतीच्या तारखा शोधायला लागतात. पण जे-१ मध्ये, म्हणजे शिकायला किंवा प्रशिक्षणाला जाणाऱ्यांसाठीच्या अमेरिकी एक्सचेंज व्हिसात, कंपनी सहसा स्पॉन्सर नसते. स्पॉन्सर म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याने नेमलेली वेगळी संस्था. डीएस-२०१९ हा जे-१ साठीचा पात्रतेचा फॉर्म तीच देते आणि तो हातात आल्याशिवाय मुलाखतीला जाऊन काही उपयोग नाही. ‘पगार नाहीच, मग टुरिस्ट व्हिसावर या’ असं कंपनी म्हणाली, तर सरळ नाही म्हणा.

दुसरी चूक तारखांची. इंटर्न म्हणून जायचं तर अमेरिकेबाहेरच्या कॉलेजात तुमचं शिक्षण चालू हवं, नाहीतर पदवी मिळाल्यापासून १२ महिन्यांच्या आत इंटर्नशिप सुरू व्हायला हवी. अर्ज १२ महिन्यांत टाकला, एवढ्याने भागत नाही; अकराव्या महिन्यात जागे होणारे इथेच अडकतात. मुदत हुकली की जे-१ मधल्याच ‘ट्रेनी’ या दुसऱ्या प्रकाराचा मार्ग उरतो, पण त्याला पदवीसोबत त्याच क्षेत्रातला, अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो.

खरी गोची होते ती डीएस-७००२ मध्ये, म्हणजे प्रशिक्षणाच्या आराखड्यात. कंपनी जाहिरातीतला मजकूर तसाच चिकटवते: ‘मार्केटिंग टीमला मदत करणे.’ यात शिकणं कुठे आहे? प्रत्येक टप्प्यात काय शिकायचं, कोण शिकवणार, कोणती कामं करायची आणि ती कशी तपासणार, हे यायला हवं. उदाहरणार्थ: ‘पहिले सहा आठवडे ग्राहकांच्या तक्रारींची वर्गवारी, दर शुक्रवारी अहवाल, सुपरवायझरसोबत एक तास चर्चा.’ एवढं नेमकं लिहिलं की मुलाखतीत ‘तिथे नक्की काय करणार?’ या प्रश्नाला अडखळायला होत नाही. फोन घेणं, फायली लावणं असली कारकुनी कामं २० टक्क्यांच्या आत ठेवा; आठवड्याला ४० तास असतील तर जास्तीत जास्त ८ तास. आठवड्याला ३२ तासांपेक्षा कमी काम असेल तर आराखडा मुळातच बसत नाही. हॉटेल क्षेत्रातल्या सहा महिने किंवा त्याहून मोठ्या कार्यक्रमात किमान तीन विभाग फिरवावे लागतात. सगळा काळ रिसेप्शनवर दाखवलेला आराखडा हमखास परत येतो.

विमा घेताना नुसती स्वस्त प्रवासी पॉलिसी उचलू नका. प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण हवं आणि आपल्या खिशातून भरायची रक्कम ५०० डॉलरच्या वर नको. पॉलिसीच्या पहिल्या पानावर पहिला आकडा असतो, दुसरा मात्र बारीक अक्षरांत शोधावा लागतो. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थी आणि एक्सचेंज पाहुण्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारी यंत्रणा) आय-९०१ फी मुलाखतीआधी भरून पावती छापून ठेवा. फी भरताना डीएस-२०१९ वरचा ‘एन’ने सुरू होणारा नंबर आणि नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

इंटर्नशिप संपल्यावर मिळणारे ३० दिवस फिरायला आणि सामान आवरायला असतात. त्या दिवसांत कंपनीत एक दिवसही काम करायचं नाही.