क्रीडासंघाच्या कापडाची नाजूक गोधडी

आवडत्या क्रीडासंघाचे बोधचिन्ह छापलेले कापड मुळातच भडक असते, त्यामुळे तान्ह्या मुलीच्या गोधडीत ते एकतृतीयांशाहून अधिक नसावे, असे माझे ठाम मत आहे. बोधचिन्ह मधोमध येईल असे 15 सेंटिमीटरचे चौकोन कापून, त्यांच्याभोवती संघाच्याच रंगाची फिकी छटा असलेल्या, बारीक फुलांच्या सुती कापडाच्या पट्ट्या जोडल्या, की, उदाहरणार्थ, गडद लाल अलगद गुलाबीत उतरतो. हे कापड खेळाडूंच्या जर्सीचे असेल, तर ते ताणले जाते. म्हणून कापण्यापूर्वीच त्याच्या उलट बाजूस, वर सुती फडके ठेवून, मंद इस्त्रीने चिकटणारे अस्तर लावावे. कडेला आखूड झालर शोभते, मात्र मणी आणि बटणे लावूच नयेत. वर्षाच्या आतील बाळाला झोपेत ही गोधडी पांघरू नये. ती जागेपणी खेळण्यासाठी जमिनीवर अंथरावी.