सोळा वर्षांची लागावुलिन उघडताय? या चुका टाळा

परदेशातून येणारा मावसभाऊ ‘काय आणू?’ विचारतो, आपण ऐकलेलं नाव सांगतो, ‘लागावुलिन सोळा’, म्हणजे सोळा वर्षांची एक स्कॉच व्हिस्की. बाटली घरी येते, चार जण जमतात आणि पहिल्याच घोटाला कुणीतरी म्हणतं, ‘अरे, ही तर डेटॉलसारखी लागते!’ हे वाक्य मी बऱ्याच घरांत ऐकलंय. पुढे काय होतं तेही पाहिलंय. उरलेली बाटली कोलात जाते, नाहीतर ‘बनावट दिली’ म्हणून कपाटात मागे ढकलली जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण बाटली अगदी ठणठणीत असते.

डेटॉल म्हणणाऱ्याचं नाक मात्र खोटं बोलत नाही. लागावुलिनची भट्टी स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. बेटाच्या नावाचा उच्चार ‘आयला’. हो, मराठी कानाला ऐकू येतं तसंच, त्यामुळे ते एकदा ऐकलं की विसरत नाही. सातूला मोड आणून ते दाणे वाळवताना तिथे पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेलं शेवाळ, गवत आणि झुडपं. मातीसारखं कापून काढायचं, वाळवायचं आणि जाळायचं. त्या धुरातली फेनॉल वर्गातली द्रव्यं दाण्याला चिकटतात आणि शेवटपर्यंत सोबत येतात. जंतुनाशकाचा वास त्याच कुळातला. जवळच्या पोर्ट एलनहून लागावुलिनला जे माल्ट, म्हणजे असे मोड आणून वाळवलेले दाणे, येतं, त्यात फेनॉलचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३५ भाग असतं. हे प्रमाण चांगलंच जास्त आहे.

मग करायचं काय? ग्लासात तीस मिलिलिटर ओता आणि दहा मिनिटं हात लावू नका. नाक ग्लासात खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरून तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. पहिला घोट अगदी लहान घ्या आणि त्यावरून मत बनवू नका, तो फक्त जिभेची ओळख करून देण्यासाठी असतो. दुसऱ्या घोटाला चुलीचा धूर जाणवतो, तिसऱ्याला त्यामागचा सुक्या मेव्याचा गोडवा आणि खारटपणा. तरीही जड वाटली तर साधं पाणी चमच्याने, थेंबाथेंबाने घाला. बर्फाने वास दबतो, म्हणून निदान पहिल्या ग्लासात तो नको. त्या संध्याकाळी दुसरी एखादी सौम्य व्हिस्की प्यायची असेल तर ती आधी घ्या. लागावुलिननंतर बाकी सगळं बेचव लागतं. तिखट शेव-फरसाणही बाजूला ठेवा, भाजलेले काजू पुरेत. मिळालं तर निळ्या बुरशीचं खारट चीज जरूर आणा, या व्हिस्कीशी ते फार सुंदर जुळतं.

आता त्या सोळा आकड्याकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याभोवती आहेत.

हा आकडा म्हणजे बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीने ओकच्या पिंपात काढलेली वर्षं. त्यात मिसळलेलं एखादं पीप जास्त जुनंही असू शकतं, सोळापेक्षा कमी वयाचं मात्र नाही. स्कॉटलंडचा कायदाच तसा आहे. आणि व्हिस्की वाढते ती लाकडात, काचेत नाही. ‘बाबांनी २००५ साली आणलेली, म्हणजे आता पस्तिशीच्या पुढे गेली’ हा हिशेब चुकीचा. ती सोळाचीच आहे. आठवण म्हणून ठेवली असेल तर ठेवा, चव सुधारेल या आशेने ठेवू नका.

दुसरा गैरसमज, वय जास्त म्हणजे धूर जास्त. प्रत्यक्षात उलटं घडतं. पिंपात वर्षं जातात तसा धूर मवाळ होतो आणि लाकूड पुढे येतं. २०१६ मध्ये भट्टीच्या द्विशताब्दीनिमित्त लागावुलिनने आठ वर्षांची बाटली काढली. ती सोळाच्या मानाने सडेतोड आहे, धूर थेट अंगावर येतो. ज्याला धूरच हवा त्याने आठची घ्यावी. सोळाची घ्यायची ती धूर आणि लाकूड यांच्यातल्या समझोत्यासाठी, आणि माझ्या मते तो समझोता इतका नेमका क्वचितच कुठे साधलाय.

तिसरी चूक आपल्याकडे हमखास होते: हाच आकडा गोव्याच्या किंवा बेंगळुरूच्या सिंगल माल्टला, म्हणजे एकाच भट्टीत फक्त माल्टपासून गाळलेल्या व्हिस्कीला लावणं. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की हवेत उडते. कुंकळ्ळीला पॉल जॉनच्या कोठारात किंवा बेंगळुरूजवळ अमृतच्या कोठारात हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जातं. हिशेब करून पाहा: सोळा वर्षांनी स्कॉटलंडच्या पिंपात सुमारे बहात्तर टक्के उरेल, आपल्याकडे वीस टक्केसुद्धा नाही. उष्णतेत लाकडाशी देवाणघेवाणही भराभर होते. म्हणून आपल्याकडच्या पाच-सहा वर्षांच्या माल्टला ‘कच्ची’ म्हणणं अन्यायाचं आहे.

रंगावरून वय ठरवत असाल तर तेही सोडा. लागावुलिन सोळाचा तो गडद, जुन्या पितळेसारखा रंग पूर्णपणे पिंपातून आलेला नाही, त्यात कॅरामेल, म्हणजे जळक्या साखरेचा रंग घालतात. कायद्याने त्याला परवानगी आहे. मला ते पटत नाही, इतक्या चांगल्या व्हिस्कीला त्याची गरज नव्हती. पण चवीत त्याने फारसा फरक पडत नाही.

‘लागावुलिन मिळाली नाही म्हणून शेजारची लफ्रॉइग आणली, एकच ना?’ एक नाही. या दोन भट्ट्यांमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागावुलिनचा मालक पीटर मॅकी लफ्रॉइगच्या विक्रीचं कामही पाहायचा. ते काम हातून गेल्यावर तो इतका चिडला की त्याने लफ्रॉइगचं पाणी अडवलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि तो हरला. मग १९०८ मध्ये त्याने लागावुलिनच्याच आवारात ‘माल्ट मिल’ नावाची वेगळी भट्टी बांधली, अगदी लफ्रॉइगसारखी भांडी घडवून. तरीही लफ्रॉइगची चव काही आली नाही. १९६२ मध्ये माल्ट मिल बंद झाली. तेव्हा दुकानदार ‘तशीच आहे’ म्हणाला तर लक्षात ठेवा, मॅकीला सगळं हाताशी असून ते जमलं नव्हतं. लागावुलिनची चाल संथ. पहिलं ऊर्ध्वपातन सुमारे पाच तास चालतं, दुसरं नऊ तासांहून जास्त. लफ्रॉइगइतका औषधी तिखटपणा तुम्हाला इथे सापडणार नाही आणि लागावुलिनचा भरलेला गोडवा तिथे.

मागे काही वर्षं लागावुलिन सोळा सहजासहजी मिळत नव्हती, तेव्हा ‘मुद्दाम टंचाई केली’ असं लोक म्हणायचे. खरं कारण साधं होतं. १९८० च्या दशकात मागणी पडली होती आणि भट्टी आठवड्यातून दोनच दिवस चालायची. तेव्हा जे गाळलंच नाही, ते सोळा वर्षांनी येणार कुठून?

आता साठवण. वाइनसारखी बाटली आडवी ठेवणं ही इथली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. ४३ टक्के अल्कोहोल बुचाला सतत लागलं की बूच कुजतं आणि उघडताना हातात तुटतं. बाटली उभीच ठेवा, तिच्या खोक्यात, अंधारात, स्वयंपाकघरापासून दूर. मुंबई-कोकणच्या उन्हाळ्यात खिडकीजवळचं कपाट तर नकोच. बरेच महिने बंद राहिलेली बाटली उघडण्याआधी क्षणभर तिरकी करून बूच आतून ओलं करा, मग बूच घट्ट धरून बाटली फिरवा. तुटलंच तर घाबरू नका. उरलेला तुकडा वाइनच्या स्क्रूने हळूच काढा. आत पडला तर व्हिस्की स्वच्छ मलमलीतून कोरड्या काचेच्या बाटलीत गाळून घ्या. जुन्या बाटल्यांची चांगली बुचं म्हणूनच फेकायची नसतात. शोभेच्या क्रिस्टलच्या सुरईत मात्र ती महिनोन्महिने ठेवू नका, जुन्या क्रिस्टलमधलं शिसं दारूत उतरतं.

उघडलेल्या बाटलीत अर्ध्यापेक्षा जास्त हवा झाली की आधी धूर विरतो. एक तृतीयांश उरली की ती छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, किंवा ज्याने आणली त्या मावसभावाला बोलवा.